सदर म्हैस कोणाची

मोशीच्या साहेबरावांनी आजवर एक्केचाळीस लग्नं जमवली होती आणि एकही मोडलं नव्हतं. आता न मोडणं म्हणजे सुखानं नांदणं, असं कुणी धरत असेल तर त्याला साहेबरावांचा इलाज नव्हता. बत्तीस वर्षं त्यांनी भोसरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला काढली होती. तिथं एकच रीत. गेटबाहेर गेलेला पीस परत आला नाही, म्हणजे पीस ओके. गिऱ्हाईक त्याच्याशी कसं नांदतंय, हे बघायला कुणी जात नाही.

तर अडतिसावा पीस परत आला.

अडतिसावा म्हणजे चाकणपलीकडच्या लक्ष्मणरावांचा कुलदीप आणि चऱ्होलीच्या ज्योतीरामांची उत्कर्षा. पोरगा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, तिन्ही शिफ्टमध्ये फिरणारा. पोरगी हिंजवडीला कंपुटरवर. चार वर्षांपूर्वी थाटात लग्न लागलं. आणि आता गेलं दीड वर्ष पोरगा गावाकडं, पोरगी पिंपळे सौदागरला मैत्रिणीबरोबर. दोघांनी मिळून ठरवलं होतं की आता पुरे. मारामारी नाही, पोलीस नाही, शिव्यागाळी नाही. एका रविवारी नाशिक फाट्याजवळ डोसा खाता खाता दोघांनी सगळं वाटून टाकलं. फ्रीज तिला, गाडी त्याला, दागिने ज्याचे त्याला, लग्नाचा अल्बम कुणालाच नको. डोसा संपायच्या आत संसार संपला. राहिली एक म्हैस.

ही म्हैस नीट समजून घ्यायला पाहिजे.

लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला उत्कर्षाला महाबळेश्वरला जायचं होतं. तसं तिनं आडून आडून सुचवलंही होतं. कुलदीपनं दोन महिने ओव्हरटाइम मारला, शनिवारी चाकणच्या बाजारात गेला आणि बायकोसाठी मुऱ्हा जातीची म्हैस घेऊन आला. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ आणि एका शिंगाला लाल फुगा. उत्कर्षा म्हशीकडं बघत राहिली, म्हैस उत्कर्षाकडं. मग उत्कर्षा आत गेली ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही. कुलदीपला वाटलं, आनंदानं गहिवरून आलं असेल. तिला वाटलं, ह्या माणसानं आपल्याला आपली जागा दाखवली.

आता वाटणीच्या वेळी कुलदीप म्हणाला, भेट दिलेली वस्तू मी परत घेत नाही, म्हैस तिची. उत्कर्षा म्हणाली, मी म्हैस मागितलीच नव्हती, म्हैस त्याची. दोघांचे दोन वकील. त्यांनी एकमेकांना कागद पाठवायला सुरुवात केली. सदर म्हैस ही माझ्या अशिलाने प्रेमाने दिलेली असून. सदर म्हैस ही माझ्या अशिलास नकोशी असून. तिसरा कागद पोचेपर्यंत म्हैस व्याली, आणि चौथ्या कागदात सदर रेडकूही आलं. शेवटी दोघांही वकिलांना स्वतःचीच लाज वाटली असावी. त्यांनी सांगितलं, कोर्टात हे वाचून दाखवायची आमची छाती नाही. पिंपळे सौदागरला अनिता मॅडम आहेत, मध्यस्थी करतात. त्यांच्यासमोर बसा, मिटवा, लिहून आणा. मग कोर्टात फक्त सहीशिक्क्यापुरतं जाऊ.

ही बातमी साहेबरावांना शेजारच्या गेनूनं दिली. गेनूला सगळ्यातलं सगळं माहीत असतं.

"लई सोपं असतंय ते आबा," गेनू दारातच बसत म्हणाला. "माझ्या साडूच्या भाच्याचं असंच केलं. दोघं आत गेली तवा एकमेकांचं तोंड बघत नव्हती. तीन तासांनी आली ती एकाच शेंगदाण्याच्या पुडीतनं खात आली. घरची माणसं भ्याली."

"आत कोण कोण असतंय?"

"ती दोघं आन मॅडम."

"आन घरचे?"

"बाहेर. आत कुणालाच घेत न्हाईत. दोघांना समोरासमोर बसवायचं आन पहिल्यापासनं सगळं बोलायला लावायचं. कोण काय म्हणालं, का म्हणालं, तुला हे कुणी सांगितलं. उकरून काढत्यात राव."

साहेबराव उठले आणि पंखा पाचवर केला.

कारण साहेबरावांचा एक नियम होता. दोन पार्ट्यांना आपल्याशिवाय समोरासमोर बसू द्यायचं नाही. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं न्यायचं ते आपणच, आणि नेताना जरा तुपात घोळवायचं. एक्केचाळीस लग्नं काय नुसत्या पत्रिकेवर जमतात होय. अडतिसाव्या वेळी त्यांनी लक्ष्मणरावांच्या घरी सांगितलं होतं, "पोरगी कंपुटरवर बसती खरी, पण जीव सगळा जनावरात. चऱ्होलीला घरच्या म्हशीची धार तीच काढती." खरी गोष्ट अशी की सात वर्षांची असताना उत्कर्षाला आळंदीच्या घाटावर एका म्हशीनं चाटलं होतं आणि तिला तीन दिवस ताप भरला होता. आणि ज्योतीरामांच्या घरी सांगितलं होतं, "पोराची शिफ्ट वर्षभरात बंद. दिवसाच्या जनरलला येतोय. त्याच्या मोठ्या साहेबांनी मला सोता सांगितलं." त्या मोठ्या साहेबांना कुलदीपचं नावसुद्धा माहीत नव्हतं, आणि साहेबरावांना मोठ्या साहेबांचं.

म्हणून तर म्हैस आली. म्हणून तर उत्कर्षा वर्षभर जनरल शिफ्टची वाट बघत बसली, आणि मग नवऱ्याच्या नावानं स्वतःच दुसऱ्या कंपन्यांत अर्ज भरायला लागली. कुलदीपला एका महिन्यात अकरा इंटरव्ह्यूचे फोन आले. त्यानं मनात धरलं, हिला आपल्या नोकरीची लाज वाटते. बोललं कुणीच नाही. दोघंही शहाणी, सुशिक्षित, सोसणारी.

"आता का पंख्याखाली घाम फुटलाय तुमाला?" साहेबरावांची बायको कुशाबाई आतून म्हणाली.

"उकडतंय."

"म्हशीमुळं उकडतंय. मला ठावं हाय. तवाच म्हणले हुते, धारेचं सांगू नका. गाण्याचं सांगा. गाणं कुणी तपासून बघत न्हाई."

साहेबरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला. आत दोघंच बसणार असली तर धोका. पण बाहेर माणसं इतकी जमवायची, की आतबाहेर उरायलाच नको. आपल्याकडं लग्नाची बैठक कशी होते? दोन्हीकडची भावकी समोरासमोर, मधोमध साहेबराव. तेच करायचं. त्यांनी लक्ष्मणरावांना फोन लावला. "इवाई पंधरा माणसं आणतोय म्हणं. तुमी एकटं गेला तर बरं दिसंल का?" मग ज्योतीरामांना फोन लावला. "तिकडनं पंधरा येत्यात. बघा बुवा."

दोन्हीकडून अठरा अठरा आली.

रविवारी दुपारी तीनला पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीच्या गेटसमोर दोन ट्रॅव्हलर गाड्या उभ्या राहिल्या. फेटे उतरले, नऊवारी उतरल्या, नारळाचं पोतं उतरलं, कारण बैठक म्हटल्यावर नारळ लागतोच. कशाला लागतो, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या मागं एक पिकअप उभी राहिली आणि तिच्यात म्हैस. लक्ष्मणरावांनी ठरवूनच आणली होती. आज इथंच हिला इवायाच्या हातात द्यायची आणि मोकळं व्हायचं. पिकअप चालवत होता त्यांचा पुतण्या स्वराज. म्हशीचं सगळं तोच बघायचा.

वॉचमन हातात टॅब घेऊन पुढं आला.

"कोणाकडं?"

"अनिता मॅडमकडं. बैठक हाय," साहेबराव म्हणाले.

"प्रत्येकाचा फोटो काढावा लागंल. मॅडमनी मोबाईलवर हो म्हणलं की एकेकाला सोडणार."

छत्तीस माणसांचे छत्तीस फोटो, वर साहेबरावांचा आणि सोबत आलेल्या कुशाबाईचा. लक्ष्मणरावांच्या थोरल्या बहिणीनं डोळे मिटलेला फोटो पुन्हा काढून घेतला. अकराव्या फोटोला अनिता मॅडम पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आल्या, खाली बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिल्या.

"आन ही?" वॉचमन पिकअपपाशी थांबला.

"ही म्हैस," लक्ष्मणराव म्हणाले.

"ती दिसती मला. हिला कशात टाकू? ह्यात गेस्ट हाय, कॅब हाय, कामवाली हाय, डिलिव्हरी हाय."

"डिलिव्हरीच हाय. ह्यांना द्यायचीय."

"आमी डिलिव्हरी घेतलेली न्हाई," ज्योतीराम मागून म्हणाले. "रिटर्न टाका."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. हाफ पँट, हातात नियमांची फाइल. त्यांनी पाळीव प्राण्यांचं पान काढून वाचून दाखवलं. गळ्यात पट्टा पाहिजे. पट्टा होता. लिफ्टमध्ये न्यायचं नाही. नेणार नव्हतेच. सरकारी नोंदणी पाहिजे. इथं लक्ष्मणरावांनी म्हशीचा कान धरून पुढं केला. कानात पिवळा बिल्ला.

"बारा आकडी नंबर हाय सरकारी. तुमच्या इथल्या कुत्र्यांना असंल तर दाखवा."

सेक्रेटरींनी फाइल पुढंमागं चाळली. म्हशीला आत घ्यायचं नाही असं कुठंच लिहिलेलं सापडेना, कारण लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही म्हैस आली नव्हती. शेवटी टॅबमध्ये 'इतर' असं भरलं गेलं, आणि पाहुण्यांच्या पार्किंगमधली चार नंबरची जागा सदर म्हशीला दोन तासांसाठी मिळाली.

साहेबराव वर गेले. फेटा नीट केला, अनिता मॅडमच्या हॉलमध्ये शिरले. तीन खुर्च्या होत्या. एकीवर कुलदीप, एकीवर उत्कर्षा. साहेबराव तिसरीवर बसले.

"ही माझी आहे," मॅडम म्हणाल्या.

साहेबराव उठले. "मॅडम, हे लग्न मी जमवलं."

"माहीत आहे. दोघांनी भरून दिलेल्या कागदात तुमचं नाव आहे."

"कशात हाय?"

"लग्न कसं ठरलं, त्या रकान्यात."

साहेबरावांना तो रकाना एकदा डोळ्यांखालून घालायचा होता, पण मॅडमनी कागद पालथा ठेवला. बाई पन्नाशीच्या, पूर्वी वकिली केलेल्या, आवाज इतका मऊ की माणूस नकळत दारापर्यंत जाऊन पोचायचा.

"माझ्याबिगर ही दोघं बोलायची न्हाईत, मॅडम."

"हो, तसंच दिसतंय. आज एकदा बोलून बघू देत."

"काय बोलली ते मला कळंल ना?"

"नाही. आतलं बाहेर जात नाही. मी सांगत नाही आणि तेही सांगणार नाहीत, तशी सही घेतलीय मी."

आणि दार बंद झालं. एक्केचाळीस लग्नं जमवलेला माणूस चपलांच्या रॅकशेजारी उभा. मोशीत ज्यांच्याशिवाय सुपारी फुटत नाही, त्यांना इथं स्टूलसुद्धा नाही. साहेबरावांनी आधी फेटा काढला, मग घातला. मग दाराला कान लावला, कारण तिथं बघायला कोण होतं. समोरच्या फ्लॅटचं दार उघडून एक बाई बघत होती. साहेबरावांनी दाराचं लाकूड टिचकी मारून तपासल्यासारखं केलं. "सागवान हाय," ते तिला म्हणाले.

आतून आधी पंख्याचा आवाज. मग कुलदीपचा, मग उत्कर्षाचा, हळू. मग स्पष्ट ऐकू आलं, "तुला म्हशी आवडतात ना?" मग शांतता. इतकी लांब शांतता साहेबरावांनी आयुष्यात ऐकली नव्हती. "मला?" असं उत्कर्षा म्हणाली. पुन्हा शांतता. मग हसू. आधी ती, मग तो, मग थांबवत नाही असं दोघांचं, आणि शेवटी चक्क मॅडमचंही.

रडणं ऐकू आलं असतं तर साहेबराव तिथं थांबले असते. भांडण असतं तर दार ठोठावलं असतं. पण हसणं म्हणजे संपलं. दोन्ही टोकं जुळली, आणि गाठ कुणी मारली होती ते दोघांना दिसलं. आता दोघं खाली येणार, छत्तीस माणसांसमोर सांगणार, आणि सोमवारी मोशीपासून चऱ्होलीपर्यंत प्रत्येक घरात चहा पिताना लोक आपल्या नावानं हसणार. एक्केचाळीस लग्नांतल्या चाळीस घरी एकमेकांना विचारणं सुरू होणार, "तुला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं गं?" साहेबराव जिना उतरून खाली आले.

खाली वेगळंच चाललं होतं.

दोन्ही भावक्या मुलांच्या खेळायच्या जागेत बसल्या होत्या. ज्योतीरामांची माणसं घसरगुंडीकडं, लक्ष्मणरावांची झोपाळ्याकडं, मधे वाळू. तासभर कुणी कुणाशी बोललं नव्हतं. पण पाच वाजत आले आणि म्हैस ओरडायला लागली. धारेची वेळ झाली होती, आणि म्हशीला मध्यस्थी वगैरे कळत नाही. तिच्या ओरडण्यानं तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं, बाळाच्या रडण्यानं त्याच्या आजोबांनी खिडकी उघडली. सेक्रेटरी धावत आले. स्वराजनं बाह्या वर केल्या आणि पिकअपच्या फळकुटावर चढला. भांडं नव्हतं. उत्कर्षाची चुलत बहीण तनुजा बहिणीला सोबत म्हणून आली होती. ती उठली, गाड्या धुणाऱ्याची बादली घेतली, तीनदा घासली आणि पिकअपमध्ये चढून धरून उभी राहिली.

"हलवू नका," स्वराज म्हणाला.

"मी नाही हलवत. तुमची म्हैस हलतीय."

"आमची न्हाई. तोच तर वाद हाय."

दूध निघालं ते बघून आधी एक बाई पातेलं घेऊन खाली आली. म्हणाली, हे ऑरगॅनिक आहे का. पाठोपाठ बी विंग आली. म्हैस मुऱ्हा जातीची, त्यात त्या दिवशी ती ईर्ष्येनं पेटली असावी. सांगणारे सांगतात, बादली चार वेळा भरली आणि पार्किंगमधली रांग जिमच्या दारापर्यंत गेली. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं सेक्रेटरींना विचारावं, तेही रांगेत होते, हातात स्टीलचा डबा.

लक्ष्मणराव झोपाळ्यावरून ते बघत होते. ज्योतीराम घसरगुंडीवरून.

"पोरगी धीराची हाय," लक्ष्मणराव हवेत बोलल्यासारखे म्हणाले.

"पोराचा हात हलका हाय," ज्योतीराम वाळूकडं बघत म्हणाले. "काय करतो?"

आता हा प्रश्न साहेबराव उभे असताना कुणी विचारायला नको होता. माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच तो करतो. साहेबरावांना एकच येत होतं. त्यांचे पाय आपोआप वाळूच्या मधोमध गेले.

"स्वराज? इंजिनेर हाय. कंपनीत परमनंट. साहेब लोक त्याला विचारल्याबिगर मशीन चालू करत न्हाईत. आन पोरगी म्हणाल तर," ते झोपाळ्याकडं वळले, "गरीब गाय. तोंडातनं शब्द निघत न्हाई."

गरीब गाय त्या वेळी पिकअपमधून बी विंगवाल्यांना रांग मोडल्याबद्दल झापत होती. पण अंतर होतं.

पंधरा मिनिटांत वाळू पार करून दोन्हीकडच्या बायका एकत्र बसल्या. वीस मिनिटांत मामांची गावं निघाली, पंचवीस मिनिटांत जुन्या ओळखी. नारळाचं पोतं उघडलं गेलं. कुणी तरी सेक्रेटरींच्या घरून साखर आणली. स्वराजला आणि तनुजाला कुणी काही विचारलं नाही, कारण दोघं कामात होती.

आणि नेमकी तेव्हाच कुलदीप आणि उत्कर्षा जिन्यातून खाली आली, मागं अनिता मॅडम, हातात कागद. बघतात तर नारळ फुटलेला, भावकीच्या तोंडात साखर, लक्ष्मणराव आणि ज्योतीराम एकमेकांना मिठी मारून.

"आमच्या घटस्फोटाला इतका आनंद?" कुलदीप म्हणाला.

मिठी सुटली. साहेबराव नारळाच्या पोत्यामागं अर्धे सरकले. मॅडमनी चष्मा लावला आणि कागद वाचला. दोघं परस्परांच्या राजीखुशीनं वेगळे होत आहेत. एकमेकांबद्दल कुणाची तक्रार नाही. एक, दोन, तीन, चार. पाचव्या कलमाला त्या जरा थांबल्या. "सदर म्हैस आणि सदर रेडकू, दोघांच्या संमतीनं, मोशीच्या श्री. साहेबराव यांना कायमस्वरूपी सांभाळायला देण्यात येत आहे."

"ह्यांना?" लक्ष्मणराव म्हणाले. "ह्यांचा काय संबंध?"

साहेबरावांनी डोळे मिटले.

"ते आतलं आहे, दादा," कुलदीप वडलांना म्हणाला. "आतलं बाहेर सांगायचं नसतं."

"आबांना जनावरांची फार ओढ आहे," उत्कर्षा म्हणाली. "असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं." एवढंच. तिनं साहेबरावांकडं सरळ बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हेच साहेबरावांना सोसवेना. ज्या दारामुळं त्यांचा अपमान झाला होता, त्याच दारानं त्यांची अब्रू झाकून ठेवली होती.

"धन्य हाय," कुशाबाई म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर राहतो आपण. न्हाणीत बांधू का देवघरात?"

"नदीकडचा शेताचा तुकडा हाय की अजून," साहेबराव पुटपुटले.

"मग शेणगोठाबी तुमीच करायचा. मला बोलवायचं न्हाई."

"आणि हे नारळ?" उत्कर्षानं विचारलं. ज्योतीरामांनी खुशीत सांगितलं, तनुजाचं आणि स्वराजचं ठरलं. पिकअपमधून एकदम दोन आवाज आले, "कुणाचं?" उत्कर्षा त्या दोघांकडं वळली नाही. ती साहेबरावांकडंच बघत होती.

"आबा, ह्या वेळी काय काय सांगितलंत?"

बेचाळिसावं लग्न होतं. छत्तीस माणसं साखर चघळत उभी होती. दोन पोरांनी वर बंद खोलीत त्यांचं नाव राखलं होतं, आणि आता फक्त गप्प राहिलं की ते नाव आयुष्यभर तसंच राहणार होतं. साहेबरावांनी फेटा काढला. टक्कल घामानं चमकत होतं.

"स्वराज इंजिनेर न्हाई," ते म्हणाले. "आयटीआय हाय. परमनंट न्हाई, ट्रेनी हाय. बारावीला दोनदा बसला. घोरतो, भिंतीपलीकडं ऐकू येतंय. आन तनुजा गरीब गाय न्हाई. स्कूटरवर सिग्नल मोडताना तीनदा पकडली, आन तीनही वेळा हवालदारालाच ऐकवून आली." मग त्यांनी दम घेतला. "आन उत्कर्षाला म्हशी आवडत्यात, हे मीच सांगितलं होतं. कुलदीपच्या शिफ्टचंबी मीच."

पिकअपमध्ये म्हैस, खाली रांगेत पातेली. लक्ष्मणराव हळूहळू बोटांवर काहीतरी मोजत होते, आपल्याही लग्नाला हाच माणूस मधे होता का, ते आठवत असावेत. ज्योतीराम म्हणाले, "म्हंजे चार वर्सं आमी मोठ्या साहेबांना शिव्या देतोय त्या," आणि पुढचं त्यांनी गिळलं. कुशाबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की हसत होती, साहेबरावांना नीट दिसेना.

तनुजा पिकअपमधून उतरली. हात पुसत पुसत आली.

"आबा, स्वराजचं अजून काही राहिलंय?"

"एक राहिलंय. पण चांगलं हाय."

"सांगा."

"भाकरी करतो. चाकणला खोलीवर राहत होता ना, तवा शिकला. हातानं थापून, पोळपाट न लावता. माझ्या डोळ्यांनी बघितलीय."

आणि छत्तीस माणसं हसली. म्हणजे वाईट तेवढं सगळ्यांनी लगेच खरं धरलं, आणि चांगलं तेवढं खोटं. ज्योतीरामांची थोरली वहिनी म्हणाली, "आबा, आत्ता कुठं खरं बोलायला लागला होता." साहेबरावांनी शपथ घेतली. शपथेलाही लोक हसले. शेवटी अनिता मॅडमच म्हणाल्या की वर ज्वारीचं पीठ आहे, आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची त्यांची सवयच आहे.

तर मॅडमच्या स्वयंपाकघरात स्वराज ओट्यापुढं, दारात चौदा बायका, खिडकीला लक्ष्मणराव, आणि साहेबराव अगदी पुढं, कारण आज पहिल्यांदाच त्यांनी पाठवलेला पीस त्यांच्यासमोर तपासला जाणार होता. स्वराजनं पीठ मळलं. त्याचे कान लाल झाले होते. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग आचेवर टाकली. भाकरी आधी एका बाजूला जरा उचलली, मग अंगभर टम्म फुगली.

साहेबरावांनी मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. एकानंही त्यांच्याकडं बघितलं नाही. सगळे तनुजाकडं बघत होते.

तिनं भाकरी उलटून बघितली, तुकडा मोडला, चावला.

"कडा जाड आहेत," ती म्हणाली.

"तवा नवीन हाय," स्वराज म्हणाला.

"मध्ये चांगली आहे." तिनं आणखी एक तुकडा मोडला. "बघू. पुढच्या रविवारी चहाला भेटू, मग सांगते. आपण दोघंच. कुणी मधे नको."

साहेबरावांनी बोलायला तोंड उघडलं. सुचत खूप होतं. चहाची जागा सुचत होती, वेळ सुचत होती, तिथं आपण जवळच्या टेबलावर कसं बसायचं तेही सुचत होतं. तेवढ्यात शेजारी उभ्या उत्कर्षानं उरलेली अर्धी भाकरी त्यांच्या हातात दिली. साहेबरावांनी ती घेतली आणि खाल्ली. खरंच चांगली झाली होती.